स्ट्रट बार बसवताय? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गॅरेजच्या नंबरावर स्ट्रट बारबद्दल येणारे मेसेज बहुतेक त्याच त्या प्रश्नांचे असतात. म्हणून ते एका ठिकाणी लिहून ठेवले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा जवळपास तशीच ठेवली आहे. आधीच एक सांगून टाकतो: बार बसवणं हे तासाभराचं काम आहे. तो ज्या पत्र्यावर बसणार तो पत्रा धड आहे का, हे बघण्यात खरा वेळ जातो आणि तो घालवलाच पाहिजे. घाई असेल त्यांनी निदान प्रश्न ६ आणि ११ तरी वाचावेत.

१. स्ट्रट बार म्हणजे नक्की काय? तो बसतो कुठे?

बोनेट उघडा. इंजिनच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या काचेच्या जवळ, पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतील. बहुतेक गाड्यांत प्रत्येकावर दोन किंवा तीन नट असतात आणि मध्ये रबरी टोपीखाली शॉकअपच्या दांड्याचं टोक. हे स्ट्रट टॉवर. पुढच्या चाकाचा शॉकअप आणि स्प्रिंग मिळून जो स्ट्रट होतो, त्याचं वरचं टोक इथे बॉडीला आवळलेलं असतं. डावा आणि उजवा टॉवर जोडणारी आडवी दांडी म्हणजे स्ट्रट बार.

या रचनेला अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांचं नाव आहे. १९५० च्या सुमारास ती फोर्डच्या गाड्यांत आली. आपल्याकडे मारुती ८०० आणि पोलोपासून आजच्या स्विफ्ट, बलेनो, आय-२० पर्यंत बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं अशाच स्ट्रटवर उभी आहेत.

२. त्याने फरक नेमका काय पडतो?

झाकण काढलेलं पुठ्ठ्याचं खोकं हातात धरून पिळा, लगेच वाकडं होतं. वरच्या दोन कडांमध्ये एक पट्टी चिकटवली की तेवढं वाकत नाही. इंजिनची जागा म्हणजे वरून उघडं खोकंच. वळणावर आणि खड्ड्यात स्ट्रटचं वरचं टोक टॉवरला कधी आत, कधी बाहेर ढकलतं. ही हालचाल डोळ्याला दिसण्याइतकी नसते, पण तेवढ्यानेही चाकाचा उभा कोन, म्हणजे कॅम्बर, किंचित बदलतो. बार ती हालचाल कमी करतो. चालवणाऱ्याला हे जाणवतं ते स्टेअरिंगमध्ये: वळवायला लागल्यावर पहिल्या क्षणी जो ढिलेपणा वाटतो तो थोडा कमी होतो.

थोडा म्हणजे थोडाच. गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत काचेखालचा आडवा पत्रा मुळातच जाड आणि टॉवरला जवळून जोडलेला असतो. तिथे बारला करायला फारसं काम उरत नाही. जुन्या हलक्या बॉडीच्या गाडीत फरक कळतो. नव्या गाडीत कळला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या निम्म्यांनी त्याच दिवशी टायरची हवाही भरलेली असते.

३. बॉडी रोल कमी होईल ना? कसारा घाटात गाडी फार झुकते.

नाही. गाडीचं झुकणं स्प्रिंग, शॉकअप आणि अँटी-रोल बार ठरवतात. अँटी-रोल बार खाली असतो, लिंक रॉडने चाकांना जोडलेला. स्ट्रट बार वर असतो आणि फक्त बॉडीचे दोन बिंदू एकमेकांना बांधतो. नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो. घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकत असेल तर लिंक रॉड, अँटी-रोल बारचे बुश (सांध्यातले रबर) आणि शॉकअप तपासा. त्यातलं काहीतरी नक्की संपलेलं निघेल.

४. मग माझ्या गाडीला घ्यावा की नाही?

टायर कडक झालेत, शॉकअप गळतोय, लोअर आर्मचे बुश फाटलेत, अशी गाडी असेल तर घेऊ नका. त्याच पैशांत बुश आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) होतं आणि गाडी खरोखर बदलते. हे सांगितलं की पोरं हिरमुसतात, कारण बुश बोनेट उघडून मित्रांना दाखवता येत नाही.

गाडी अंगाने धडधाकट आहे, तुम्ही वणीच्या गडावर नांदुरीकडून वर जाता, सापुताऱ्याला जाता, वळणांवर गाडी चालवायची आवड आहे, तर घ्या. रोज कॉलेज रोड ते सातपूर एमआयडीसी आणि सिग्नल ते सिग्नल एवढंच चालवणं असेल तर तुम्हाला काहीही कळणार नाही. समृद्धीवर सरळ १२० च्या मर्यादेत जाणाऱ्यालाही नाही.

५. स्कॉर्पिओ, थार किंवा बोलेरोला बसतो का?

या गाड्या आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून निघत असल्यामुळे हा प्रश्न इथे जरा जास्तच येतो. या तिन्ही चेसिसवरच्या गाड्या आहेत. खाली शिडीसारखी फ्रेम, वर बॉडी रबरी माउंटवर ठेवलेली. पुढच्या सस्पेन्शनचा भार फ्रेमवर जातो, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर नाही. बॉडीचे दोन कोपरे बांधून चाकाच्या कोनाला काही मिळत नाही. बाजारात अशा गाड्यांसाठी चकचकीत बार विकायला असतात, ते शोभेचे समजा. एक्सयूव्ही ७०० सारखी गाडी वेगळी. ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी फ्रेम नसलेली आहे आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रटच आहे.

६. बसवण्याआधी गाडीत काय काय बघायचं?

सगळ्यात आधी टॉवरचा पत्रा. नाशिकची हवा कोरडी, त्यामुळे इथेच वाढलेल्या गाडीत सहसा गंज नसतो. पण सेकंडहँड गाड्या मुंबई-ठाण्याकडून आणि कोकणातून येतात, आणि त्यांची गोष्ट वेगळी. नुसतं वरून बघून भागत नाही. चाक काढा, मडगार्डचं प्लॅस्टिक लायनर सोडवा आणि टॉवर खालून बघा. तिथे चिखलाचा वाळलेला थर बसलेला असतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून पाण्याने धुवा. दोन पत्रे जिथे जुळतात तिथे सीलरची जाड रेघ दिसेल. ती सलग असेल तर छान. तिला केसासारखी चीर असेल आणि चिरेतून तपकिरी पाणी ओघळल्याची खूण असेल, तर आत गंज सुरू झाला आहे. तिथे बोटाने दाबा, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. आवाज टणटणीत यायला हवा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर बारचा विषय तिथेच सोडा आणि आधी पत्र्याचं काम करा.

दुसरं, अपघाताची खूण. कंपनीचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे गोल खळगे असतात. एका टॉवरवर ते आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत, किंवा तिथला रंग वेगळा चमकतो, तर त्या बाजूला डेंटिंग झालेलं आहे. मग मापं घ्या: डाव्या टॉवरच्या मध्यापासून उजव्या हेडलाइटच्या पक्क्या बोल्टपर्यंत आणि उजव्यापासून डाव्या हेडलाइटच्या तशाच बोल्टपर्यंत. ही तिरकी मापं दोन-चार मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर तयार बारची भोकंही जुळणार नाहीत, आणि कोणीतरी पहार घालून जुळवून देईल. तसं करू देऊ नका.

तिसरं, शॉकअपचं वरचं माउंटिंग. एकजण बोनेटखाली टॉवरच्या मधल्या टोपीवर हात ठेवून उभा राहील, दुसरा गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवेल. हाताला झटके लागले, कटकट आवाज आला, तर माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलं आहे. ते आधी बदला. बार बसवल्यावर बदलायचं ठरवलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

७. स्टीलचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

सारख्याच जाडीच्या दोन नळ्या घेतल्या तर स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. चांगले बनवणारे ॲल्युमिनियमची नळी जाड आणि मोठ्या व्यासाची घेऊन ही कसर भरून काढतात. पण धातूपेक्षा आकार जास्त महत्त्वाचा. सरळ दांडी दाबाला आणि ओढीला ताठ राहते. इंजिनवरून कमान काढून नेलेली दांडी त्याच जागी वाकते, धातू कुठलाही असो. आणि ज्या बारची टोकं एका बोल्टवर बिजागरीसारखी फिरतात, तो फक्त आत-बाहेरची हालचाल थोपवतो, पिळाला अडवत नाही. जागा असेल तर सरळ, टोकाच्या प्लेटला वेल्ड केलेला स्टीलचा बार घ्या. रंग कुठलाही घ्या.

८. ऑनलाइन मागवताना काय जपायचं?

गाडीचं नाव जुळलं म्हणजे बार जुळला असं नसतं. पिढी बदलली की टॉवरवरच्या नटांची जागा बदलते. पेट्रोल आणि डिझेलमध्ये एअर फिल्टरचा डबा आणि इंजिनची उंची वेगळी असते. परदेशातून येणाऱ्या बारमध्ये आणखी एक गोम आहे: तो डाव्या स्टेअरिंगच्या गाडीसाठी बनवलेला असू शकतो. आपल्याकडे ब्रेकचं बूस्टर आणि फ्लुइडची बाटली उजवीकडे, बरोबर टॉवरच्या शेजारी. तिकडच्या गाडीत ती जागा मोकळी असते. विकणाऱ्याकडे भारतात बसवलेल्या, तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच इंजिनच्या गाडीचा फोटो मागा. फोटो नसेल तर मागवू नका.

९. अंबडला ओळखीचा फॅब्रिकेटर आहे. त्याच्याकडून बनवून घेतला तर?

चालेल, आणि नाशिकमध्ये हे सोपंही आहे. सातपूर-अंबडला लेझर कटिंगपासून पावडर कोटिंगपर्यंत सगळं आहे. मात्र फॅब्रिकेटरला ग्रिलचं काम वाटता कामा नये. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा टॉवरवर ठेवून नटांच्या जागा उमटवून घ्या. डावा आणि उजवा साचा वेगळा, कारण ते नेहमी एकमेकांचे आरसे असतातच असं नाही. प्लेट ४ ते ५ एमएम माइल्ड स्टीलची, नळी साधारण २५ एमएम व्यासाची आणि दोन-अडीच एमएम भिंतीची पुरते. पाण्याचा गॅल्व्हनाइज्ड पाइप आणू नका. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं, धूर विषारी असतो आणि जोडही कच्चा येतो.

प्लेट गाडीवर बसवून, नळी मध्ये धरून, जागेच्या खुणा करून घ्यायच्या. वेल्डिंग मात्र बाहेर, टेबलावर. बोनेटखाली टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका) मारतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), बॅटरी आणि पेट्रोलचे पाइप हातभर अंतरावर असतात.

१०. घरी पार्किंगमध्ये जमेल का? काय हत्यारं लागतील?

जमेल, जर टॉवरचे नट वरून सहज दिसत असतील. गोटी पान्यांचा सेट हवा: जपानी धाटणीच्या गाड्यांत बहुधा १२ आणि १४ ची गोटी लागते, युरोपीय गाड्यांत १३ आणि १६ ची. एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना), वायर ब्रश, मेजरटेप, खुणेसाठी मार्कर, आणि मदतीला एक माणूस. टॉर्क रेंच विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणा. टॉवर वायपरच्या कव्हरखाली दडलेले असतील तर काम दुप्पट लांबतं. वायपरचे आर्म निघत नाहीत म्हणून ते ठोकले जातात आणि काच जाते. अशी गाडी गॅरेजलाच आणा.

११. प्रत्यक्ष बसवायचा कसा?

गाडी सपाट जागी, स्वतःच्या चारही चाकांवर, स्टेअरिंग सरळ, हँडब्रेक ओढलेला. इंजिन थंड. जॅक लावायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं: चाक जमिनीवर टेकलेलं असताना गाडीचं वजनच टॉवरला स्ट्रटवर दाबून धरतं, त्यामुळे वरचे नट काढले तरी काही सरकत नाही. चाक हवेत लोंबत असताना तेच नट काढले तर अख्खा स्ट्रट खाली येतो.

बॅटरीची काळी वायर सोडवा. लांब लोखंडी बार हातात घेऊन तुम्ही बॅटरीच्या वरून वावरणार आहात, आणि त्याचं एक टोक पॉझिटिव्हला आणि दुसरं बॉडीला लागलं तर ठिणग्यांचा कार्यक्रम होतो.

नट काढण्याआधी प्रत्येक स्टडभोवती (नट ज्यावर बसतो तो उभा बोल्ट) मार्करने खूण करा. मग एका बाजूचे नट काढा, दुसऱ्या बाजूला तोवर हात लावू नका. पत्र्यावरची धूळ, सुटलेला रंग वायर ब्रशने साफ करा. पांढरा पत्रा उघडा पडला तर त्यावर प्रायमरचा हात द्या आणि वाळू द्या. प्लेट स्टडवर बसवा. ती आपल्या वजनाने, हाताने दाबून पूर्ण खाली टेकली पाहिजे. नट आवळून खाली ओढायची वेळ आली तर काहीतरी अडतंय: सीलरचा थर, वायरिंगची क्लिप, नाहीतर चुकीचा बार. नट हाताने लावून सोडा. मग दुसरी बाजू तशीच.

दोन्ही प्लेट बसल्यावर मधली दांडी, तीही हाताने टाइट. आता एकदा सगळीकडे नजर फिरवा: ब्रेक फ्लुइडच्या बाटलीचं झाकण उघडतं का, एसीचा पाइप कुठे घासतो का, कूलंटची बाटली बाहेर येईल का. मगच टॉर्क रेंचने आवळा, एकेक नट थोडा थोडा, आळीपाळीने. शेवटी बॅटरी जोडा.

१२. दादा, मधला मोठा नट पण काढायचा का?

नाही! तो शॉकअपच्या दांड्याचा नट आहे आणि दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग माणूस मारण्याइतक्या जोराने उसळू शकते. तुमचा बार मधला नट काढूनच बसत असेल, किंवा तुमच्या गाडीत बाहेरचे दोन-तीन नट नसून एकच मधला नट असेल, तर ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजचं आहे, पार्किंगचं नाही.

१३. नट किती टाइट करायचे?

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्ट्रटच्या वरच्या नटाचा जो आकडा आहे तोच. अंदाज म्हणून: ८ एमएम आट्यांच्या नटाला साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर, १० एमएमच्या नटाला ४० ते ५५. हे आकडे लोकांना फार कमी वाटतात. पाय देऊन आवळायची सवय असलेल्या हाताने ८ एमएमचा स्टड सहज पिळला जातो, आणि तो स्टड माउंटिंगमध्ये ठोकून बसवलेला असल्यामुळे मग अख्खं माउंटिंग बदलावं लागतं.

आणखी एक. मूळ स्टडची लांबी कंपनीने त्यांच्या पत्र्याच्या हिशोबाने ठेवलेली असते. त्यात तुमची ४-५ एमएमची प्लेट आली की तेवढे आटे कमी मिळतात. नट पूर्ण बसून वर दोन आटे तरी दिसले पाहिजेत. नट स्टडच्या टोकाशी किंवा त्याच्याही आत राहत असेल तर तो बार त्या गाडीवर बसवू नका. सेल्फ-लॉकिंग नट एकदा काढला की नवाच लावा. तो दहा-वीस रुपयांत मिळतो, त्यात काटकसर कसली.

१४. ॲडजस्टेबल बार आहे. फिरवून किती ताण द्यायचा?

शून्य. डाव्या-उजव्या आट्यांची दांडी फिरवली की ती लांब किंवा आखूड होते, आणि “थोडं प्रीलोड दिलं की अजून टाइट वाटतं” असं कोणीतरी सांगतं. तुम्ही फक्त टॉवर बाहेर ढकलून कॅम्बर बदलत असता, आणि दोन्ही बाजूंना सारखाच बदलेल याची खात्री नाही. बसवण्याआधी दोन टॉवरच्या मध्यामधलं अंतर मोजा. बोल्ट दांडीच्या भोकात बोटाने सरकेल इतपत लांबी जुळवा, लॉकनट आवळा, पुन्हा मोजा. माप तेच असलं पाहिजे.

१५. बोनेट बारला लागतंय का हे कसं कळेल?

कणीक घ्या, घरची, जरा घट्ट मळलेली. बारच्या सगळ्यात उंच जागी आणि दोन्ही बाजूंच्या नटांवर लिंबाएवढे गोळे ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरा म्हणजे बोनेटला चिकटणार नाही. बोनेट आपटू नका, हळूच खाली आणून दाबून लावा आणि उघडा. गोळा जिथे सगळ्यात चपटा झाला तिथली जाडी मोजा. एक सेंटिमीटरच्या वर असेल तर ठीक. पाच-सहा मिलिमीटरच असेल तर खराब रस्त्यावर बोनेट थरथरून बारला लागणार.

इंजिनच्या बाजूनेही बघायला हवं. इंजिन रबरी माउंटवर असतं आणि गाडी सुरू करताना, बंद करताना, गिअर टाकताना हलतं. मदतनिसाला चालू-बंद करायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून बघा. हात किंवा मोबाईल आत घालू नका, पंखा कधीही सुरू होतो. इंजिनच्या कव्हरपासून बारपर्यंत दीड-दोन सेंटिमीटर मोकळे हवेत.

१६. नंतर अलाइनमेंट करावं लागेल का?

भोकं गोल असतील आणि खुणा जिथल्या तिथे असतील तर गरज नाही. काही गाड्यांत टॉवरची भोकं लांबट असतात, तिथे नट सैल केले की माउंटिंग सरकू शकतं. तेव्हा अलाइनमेंट कराच. प्रश्न १४ मधला उद्योग आधीच करून बसला असाल तरीही करा.

१७. बसवल्यापासून टकटक आवाज येतोय.

पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. रंगाचा थर दबून नट थोडे सैल पडतात. तरी आवाज असेल तर बारवर, बोनेटच्या आतल्या बाजूला आणि पाइपांवर घासल्याच्या चकचकीत खुणा शोधा. खूण नसेल तर बार काढा आणि त्याच रस्त्यावरून, त्याच स्पीडब्रेकरवरून पुन्हा जा. आवाज गेला तर दोष बारच्या बसवण्यात. राहिला तर तो आधीपासूनचा आहे, लिंक रॉड किंवा माउंटिंगचा. बारमुळे तुम्ही कान देऊन ऐकायला लागलात एवढंच.

१८. सीएनजी गाडी आहे, चालेल?

बाहेरून किट बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत सीएनजीचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) टॉवरच्या किंवा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, जवळ लावलेला असतो आणि त्याला जास्त दाबाचा स्टीलचा पाइप येतो. बार त्याला टेकता कामा नये, थरथरूनही नाही. जागा होत नसेल तर रिड्यूसर स्वतः हलवू नका. ते काम अधिकृत किट बसवणाऱ्याचंच. गाडी तीन वर्षांनी सिलिंडरच्या टेस्टिंगला जाते, तेव्हा तिथल्या माणसाला बारही दाखवून घ्या. कंपनी फिटेड सीएनजीत आणखी एक मुद्दा आहे, वॉरंटीचा, तो प्रश्न २० मध्ये.

१९. मागेही बसवू का?

स्विफ्टच्या वर्गातल्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई, असते. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, आणि वरच्या टॉवरवर फक्त शॉकअपचा भार येतो. तिथे बारचं काम फार थोडं. डिकीतली जागा मात्र जाते, आणि द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडून पाहुण्यांसाठी पेट्या आणणाऱ्या माणसाला ते महाग पडतं. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर प्रश्नच मिटला.

२०. आरटीओ पकडेल का? इन्शुरन्स आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बोल्टने बसणाऱ्या बारमुळे आरसीवरचा रंग, इंजिन, सीट, बॉडीचा प्रकार यातलं काही बदलत नाही. तरी मनात शंका असेल तर पेठ रोडच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. टॉवरला भोकं पाडून किंवा वेल्ड करून केलेलं काम मात्र वेगळं. तो बॉडीच्या रचनेतला बदल आहे, आम्ही तो करत नाही.

इन्शुरन्स कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी सांगणं क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीला सस्पेन्शनची तक्रार आली आणि बार दिसला, तर सर्व्हिस सेंटर बोट तिकडेच दाखवणार. वॉरंटी संपेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा.

२१. अपघात झाला तर बारमुळे जास्त नुकसान होतं का?

होऊ शकतं. एका कोपऱ्यावर जोराचा मार बसला तर बार तो धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत नेतो, आणि जिथे एकच बाजू वाकली असती तिथे दोन्ही बाजूंची मापं बिघडतात. बोनेटखालची मोकळी जागा पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा दबावा यासाठीही असते. तिथे उंच, कडक दांडी नको. म्हणून बार जितका खाली बसेल तितका चांगला. रॅलीच्या गाड्यांत बार आणि रोल केज (केबिनमधला पाइपांचा पिंजरा) एकत्र बघून लोक हरखतात, पण तिथे आतला माणूस हेल्मेट आणि पाच-सहा पट्ट्यांत बांधलेला असतो.

२२. इलेक्ट्रिक गाडीला?

बोनेटखाली नारिंगी वायर दिसतात त्या हाय व्होल्टेजच्या. तिथे बाहेरचा बार आम्ही बसवत नाही.

२३. गाडी विकायची आहे, बार काढून घेऊ का? काढल्यावर काही बिघडेल?

काहीही बिघडत नाही, गाडी पहिल्यासारखी होते. काढतानाही प्रश्न ११ चेच नियम: चाकं जमिनीवर, एका वेळी एक बाजू. फक्त मूळ नट जपून ठेवलेले असावेत. बारसोबत आलेले नट कधी जाड वॉशरचे किंवा वेगळ्या उंचीचे असतात, ते उघड्या माउंटिंगवर नीट बसत नाहीत. नट हरवले असतील तर कंपनीचे नवे आणा. प्लेटखालचा रंग दबलेला असतो, तिथे रंगाचा हात मारा, नाहीतर येत्या पावसाळ्यात गंजाची गोल रेघ उमटते आणि गिऱ्हाईक अपघाताची गाडी समजून भाव पाडतं.